भुईआवळ्याच्या पानासाठी सुरतेस

वीतभर उंचीचे, पावसाळ्याच्या आरंभी उगवणारे आणि थंडी पडण्याच्या सुमारास वाळून जाणारे भुईआवळ्याचे रोप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. त्याचे पान साधे की संयुक्त, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदात नंदुरबारहून सुरतेस गेले. सुरत हे कापडाचे आणि हिऱ्यांचे शहर. तिथे कुणी रानटी रोपाचे पान पाहायला जात नाही. म्हणून हा प्रवास का घडला ते आधी सांगते.

मी सत्तावीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवीत आहे. मंगल ही माझी जुनी विद्यार्थिनी. डी.एड. होऊन लग्नानंतर ती सुरतेस गेली. तिचे यजमान उधन्याला यंत्रमागावर कामाला आहेत आणि ती एका मराठी प्राथमिक शाळेत तात्पुरत्या जागेवर शिकवते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने चौथीच्या मुलांकडून भुईआवळ्याची एक कुंडी तयार करून घेतली होती. त्यानंतर तिचे पत्र आले. त्यातला मजकूर असा होता :

‘परीक्षकांनी कुंडीवरच्या पाटीतले “साधे पान” हे शब्द लाल शाईने खोडून “संयुक्त पान” असे लिहिले. मी मानले नाही. ते म्हणाले, पुरावा दाखवा. घरी येऊन तुमच्या टिपणांची माझी आठवीची वही पुन्हा काढली, तर तीत तुम्हीही संयुक्तच सांगितले आहे. लपवणे जमले नाही, म्हणून वही मुख्याध्यापकांना दाखवली. ते म्हणतात, पाटी बदला, नाहीतर कुंडी उचला. शनिवारी परीक्षक पुन्हा येणार आहेत. माझी जागा कायम व्हायची आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण बाई, मुलांनी महिनाभर रोज पाहून लिहिले आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोडा, असे मी त्यांना कसे सांगू?’

पत्र वाचून मी माझी टिपणवही उघडली. ‘भुईआवळा : वर्षायू, एरंडाचे कुळ, पान संयुक्त, पिच्छाकृती.’ ही ओळ मी सत्तावीस वर्षे, प्रत्येक आठवीला, स्वल्पविरामासकट सांगत आले होते. मला कोणी शंका विचारली नव्हती आणि मीही स्वतःला विचारली नव्हती. तीन दिवसांची रजा टाकून मी गाडीत बसले.

गुरुवार, उधना

गाडीने नवापूर सोडले की डोंगर मागे राहतात आणि बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो. आमच्याकडे ऊस विहिरीच्या आसपास असतो. इथे तो आडवा पसरलेला आहे. याहून अधिक गाडीविषयी सांगण्यासारखे काही नाही.

उधन्याच्या ज्या गल्लीत मंगल राहते, तिथे घर आणि कारखाना यांच्यात एका भिंतीचे अंतर आहे. मागांची खटखट दिवसभर चालते. पहिला तासभर मला वाटले, इथे माणसे बोलतात तरी कशी. दुसऱ्या तासाला मीही त्यांच्याएवढ्याच मोठ्याने बोलत होते. आणखी एक बदल असा की सत्तावीस वर्षे मी ‘बाई’ होते ती गल्लीच्या तोंडाशीच ‘बेन’ झाले. रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे बेन म्हणतात. आरंभी चमत्कारिक वाटले. पण या शब्दात नाते आहे आणि आदरही आहे, हे लवकरच ध्यानात आले.

मंगलच्या सासूबाई यमुनाबाई दारातच बसल्या होत्या. मांडीवर रेशमासारख्या चमकत्या कापडाचा ढीग आणि हातात लहान कात्री. नक्षीच्या साड्यांच्या मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कापून साडी साफ करण्याचे काम या गल्लीतल्या बायका घरोघर करतात. यमुनाबाईंनी मान वर न करता विचारले, “मास्तरीन बाई का?”

“हो.”

“बठ माय, पानी पे. मंगले, तुन्ह्या बाई इ ग्यात.”

मंगल आतून आली, वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, “बाई, आधी जेवा. भांडण नंतर.”

“आपले भांडण आहे?”

“वहीचं आहे,” ती म्हणाली, आणि हसली. पण डोळ्यांखाली काळे पडलेले मला दिसले.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि एका वाटीत डाळ होती. भाकरी अगदी आपल्या घरची. डाळीत मात्र गूळ. मंगल म्हणाली, घरात अजून अहिराणी बोलतात, पण डाळ गुजराती झाली. मुले शाळेतून आल्यावर आमटी खात नाहीत. यमुनाबाईंनी आपल्या वाटीत मुकाट्याने ठेचा मिसळला आणि दोन प्रांतांचा प्रश्न स्वतःपुरता सोडवला.

जेवणानंतर मी माझी तयारी काढली. मंगळवारीच नंदुरबारच्या शाळेमागून चार रोपे उपटून मी वर्तमानपत्रात दाबून आणली होती. कागद उघडला तर आत उघडी खोडे पडली होती. सगळ्या डहाळ्या खोडापासून सुटून, पानांसह, बाजूला झाल्या होत्या. चिंचेचे वाळलेले संयुक्त पान जसे देठासकट अख्खे गळते, तसेच हे दिसत होते.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला बरे वाटले. सत्तावीस वर्षे चुकलो नाही, असे वाटण्यात मोठे सुख असते.

“मंगल,” मी म्हणाले, “हे पाहा. डहाळी असती तर खोडाला राहिली असती. गळते ते पान.”

तिने कागदाकडे पाहिले. वाद घातला नाही. “बाई, ही वाळलेली आहेत. उद्या ओली पाहू,” एवढेच म्हणाली. मी शिक्षिका आहे. विद्यार्थिनीने वाद न घालण्याचे दोन अर्थ असतात, हे मला कळते. एक म्हणजे पटले. दुसरा म्हणजे, तुम्हाला वेळ देते.

शुक्रवार, पलसाण्याच्या बाजूला

सकाळी मंगलने लोचो आणला. वाफवलेले हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, वरून तेल, शेव, कांदा. तो इतका लिबलिबीत होता की मी म्हणाले, “मंगल, ढोकळा बिघडलेला दिला त्याने. परत कर.” ती हसून खाली बसली. लोचो असाच असतो. मग मी दोन वाट्या खाल्ला आणि टिपणवहीत तशी दुरुस्ती केली. दिवसाची ही माझी पहिली दुरुस्ती.

शाळेतली कुंडी सुकत आली होती. मुलांच्या बोटांनी तिचा पाला झडला होता. ताजी रोपे हवी होती. एरवी ती कुठेही सापडावीत, पण सुरत आता बदलली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या साथीनंतर इथे रस्ते रोज झाडले जातात, गटारकाठ खरवडले जातात. उधन्याच्या आठ गल्ल्या आम्ही धुंडाळल्या. शहराच्या आरोग्यासाठी ही गोष्ट अभिमानाची आहे. आमच्यासाठी अडचणीची होती. शेवटी बसने पलसाण्याच्या बाजूला गेलो. तिथे महामार्गालगत कापड रंगवण्याचे कारखाने आहेत आणि त्यांच्या कुंपणाला लागून अजून उसाची शेते आहेत. नाल्याचे पाणी त्या दिवशी जांभळे होते. मंगल म्हणाली, काल हिरवे होते.

शेताच्या बांधावर आम्ही दोघी वाकून चालू लागलो. कारखान्याच्या फाटकावरून एक रखवालदार येऊन उभा राहिला.

“काय हुडकायलात बाई? नथ पडली का?”

त्याचे मराठी ऐकून मी विचारले, “गाव कोणते तुमचे?”

“परभणीकडचा. काय पडलंय सांगा, मी बी बघतो. सोन्याचं हाय का?”

“झाड शोधतो आहोत. भुईआवळा.”

त्याने आमच्या दोघींकडे, आणि मग माझ्या पिशवीकडे पाहिले. “परभणीत भुईआवळी पायाखाली मरते, आन् तुम्ही ते हुडकायला सुरतेला आलाव?” मग स्वतःच चार पावले पुढे गेला, उसाच्या सावलीत बोट दाखवले. “ही बगा. पोत्यानं घ्या.”

बारा-पंधरा रोपे एका ओळीत होती. मी वाकून वरून पाहिले आणि टिपण लिहू लागले. रखवालदार म्हणाला, “फळ बगितलं का?”

“दिसत नाही.”

“वरून कसं दिसंल? खाली असतंय, लपून. मास्तरीण असून खाली बघितलं न्हाई व्हय?”

मंगल तोंड फिरवून उसाकडे पाहू लागली. मी गुडघे टेकवून खाली पाहण्याच्या घाईत असताना पिशवीतून भिंग निसटले, मोरीच्या दगडावर पडले आणि त्याला मधोमध तडा गेला. वीस वर्षांचे भिंग होते. रखवालदाराला मनापासून वाईट वाटले. “मगापासून सोनं सोनं म्हनतोय, आन् पडली काच,” तो म्हणाला आणि आम्हाला रोपे ठेवायला भिजवलेले कापड आणून दिले. कारखान्याचेच कापड होते. अर्धे गुलाबी, अर्धे पांढरे.

भुईआवळ्याशेजारीच जमिनीला चिकटून लहान दुधी पसरली होती. ही दोन्ही रोपे एरंडाच्याच कुळात ठेवतात. त्यामुळे पाला गोळा करणारे पुष्कळदा एकाऐवजी दुसरे उचलतात. फरक सोपा आहे. दुधीचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. भुईआवळ्याचा मोडला तर काही येत नाही. तिची पाने समोरासमोर जोडीने असतात, याची एकाआड एक. काविळीवर भुईआवळा देण्याची चाल दोन्ही प्रांतांत आहे. त्या चालीवर मत देण्याचा मला अधिकार नाही. पण जे द्यायचे ते रोप तरी नीट ओळखावे, एवढे शिक्षिका म्हणून म्हणू शकते.

शुक्रवार, दुपारनंतर

घरी येऊन रोपे परातीत पाण्यात ठेवली. भिंग फुटलेले, काय करावे या विचारात असता मंगलने वरच्या मजल्यावरच्या भटूभाऊंना हाक मारली. हे मूळचे पारोळ्याचे, कतारगामच्या कारखान्यात हिरे तपासतात. त्या दिवशी सुट्टीवर होते. त्यांच्याजवळ डोळ्याला लावायचे लहानसे, फार ताकदीचे भिंग असते. तेथे त्याला आय-ग्लास म्हणतात. त्यांनी ते रुमालात गुंडाळून आणले.

“सोमवारपर्यंत वापरा बाई. पण ह्यात काय शोधताय? आम्ही तर दाग शोधतो.”

“फूल शोधतो आहोत.”

“मग तुमचं काम बरं. आम्हाला सापडलं की मालाची किंमत उतरते.”

मी डहाळी हातात घेतली. आता ज्या वाचकांना शास्त्राचा संबंध नाही, त्यांच्यासाठी प्रश्न नेमका मांडते. जास्वंदीचे पान एकसंध असते, ते साधे. चिंचेच्या एका दांड्यावर दोन्ही बाजूंना बारीक बारीक पाती असतात, पण ती प्रत्येक पाती म्हणजे पान नव्हे. दांड्यासह सगळे मिळून एक पान, म्हणून ते संयुक्त. त्या पातींना पर्णिका म्हणतात. दोहोंत भेद करण्याची कसोटी एकच आणि फार जुनी आहे : पान जिथे खोडाला चिकटते, तिथल्या बगलेत कळी किंवा कोंब येऊ शकतो, पर्णिकेच्या बगलेत कधीही काही येत नाही. भुईआवळ्याचा दांडा चिंचेसारखा दिसतो, म्हणूनच गुजरातेत याला भोंयआमली, म्हणजे भुईचिंच म्हणतात. आपण त्याला आवळ्याचे नाव दिले. दोन्ही भाषांतल्या माणसांनी वरून पाहून नाव दिले आणि मीही वरून पाहूनच शिकवले.

डहाळी मी पुन्हा वरच्याच बाजूने भिंगाखाली धरली होती. यमुनाबाई साडी बाजूला ठेवून उठल्या, माझ्या हातातून डहाळी घेतली आणि पालथी केली.

“आसं देख. उलटं कऱ्याशिवाय कापड समजस का?”

मागच्या बाजूला बारीक मोहरीएवढ्या हिरव्या फळांची ओळ लागली होती. एकेका पानाखाली एकेक, अगदी शिस्तीने.

“मंगलेनी पह्यले आसंच देखं,” त्या म्हणाल्या. “साडी साफ करता करता.”

मंगलने मग सांगितले. मुलांनी कुंडी केली तेव्हा तिनेही माझ्या वहीप्रमाणे ‘संयुक्त’ असेच लिहायला सांगितले होते. पण एका रविवारी दुपारी सासूबरोबर धागे कापताना, पाणी घालायला घरी आणलेली कुंडी शेजारी होती. हात उलट बाजू पाहण्याचा सरावलेला. तिने सहज डहाळी पालथी केली. त्या कामात एकच गोष्ट पाहायची असते : धागा कुठून निघतो. धागा जिथे निघतो तिथे कापायचा, मधेच कापला तर नक्षी उसवते. म्हणून तिने फळाचा देठही कुठून निघतो ते पाहिले. तो दांड्यावरून मधूनच कुठून निघत नव्हता; प्रत्येक पानाच्या बगलेतूनच निघत होता. दुसऱ्या दिवशी तिने मुलांना काही न सांगता डहाळी पालथी करून पाहायला लावली. मुलांनी आपण होऊन ‘साधे पान’ लिहिले.

मी भिंग लावले. पानाच्या बुडाशी दोन अत्यंत बारीक, टोकदार उपपर्णे होती. त्यांच्या आत देठासह फळ. त्याच्या पुढच्या पानाशी उमललेले फूल. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पानाशीही तेच. मग मी डहाळीचे बूड पाहिले. मुख्य खोडावर, डहाळी जिथून निघते तिथे, तपकिरी रंगाचे एक बारीक खवल्यासारखे पान होते. म्हणजे खोडावरचे खरे पान ते खवले. त्याच्या बगलेतून निघाली ती डहाळी. आणि डहाळीवर आहेत ती सगळी साधी पाने. वाळल्यावर डहाळी गळते ही गोष्ट खरी, पण त्यामुळे ती पान ठरत नाही. भुईआवळ्याच्या वंशाची ही खासियतच आहे की त्याच्या डहाळ्या पानासारख्या वागतात.

मी भिंग खाली ठेवले. मागांची खटखट चालूच होती, म्हणून मला जरा मोठ्यानेच बोलावे लागले.

“मंगल, माझी ओळ चुकीची आहे.”

ती म्हणाली, “मला माहीत होतं, बाई. पण तुमच्या ओळीवर काट मारायला माझा हात होईना. म्हणून पत्र लिहिलं.”

यमुनाबाईंनी कात्री पुन्हा उचलली. “आते चहा मांड,” त्या सुनेला म्हणाल्या. “बाई रडतीन नहीतं.”

मी रडले नाही. उलट मला जे वाटले, ते अभिमानच होते, असे आज विचारपूर्वक लिहिते. आपली विद्यार्थिनी आपल्या वहीच्या पुढे गेली आहे, हे शिक्षिकेला फार थोड्या वेळा डोळ्यांनी दिसते.

संध्याकाळपर्यंत आम्ही जातीचाही निकाल लावला. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना मिळून फायलँथस निरुरी म्हणत. माझ्या वहीतही तेच होते. आता अभ्यासक त्यांत निरनिराळ्या जाती मानतात. आमच्या रोपांच्या फुलांना पाच दले होती, सहा नव्हेत, आणि डहाळीच्या शेंड्याकडच्या पुष्कळ बगलांत नर आणि मादी अशी दोन फुले एकत्र होती. फळ तीन फाकांचे आणि गुळगुळीत. त्यात सहा बिया. बीच्या पाठीवर उभ्या रेघा. यावरून ते फायलँथस अमॅरस. ज्याच्या फुलाला सहा दले असतात आणि नर व मादी फुले वेगवेगळ्या बगलांत असतात, ते फ्रॅटर्नस. ज्याचे फळ खरखरीत, जवळजवळ बिनदेठाचे, आणि बीवरच्या रेघा आडव्या, ते युरिनारिया. दिवे लागण्याच्या सुमारास परातीतली सगळी पाने मिटली. भटूभाऊ भिंग न्यायला आले नव्हते, नुसते पाहायला आले होते, ते म्हणाले, “यांची पाळी संपली.”

शनिवार, शाळेत

एक निश्चय मी सकाळीच केला होता : परीक्षकांशी वाद मंगल करील, मी फक्त माझ्या वहीबद्दल बोलेन.

परीक्षक एका महाविद्यालयात शिकवणारे, पन्नाशीचे, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. मुख्याध्यापक त्यांच्यामागे, हातात मंगलची आठवीची वही घेऊन उभे होते. मंगलने टेबलावर ताजी कुंडी, शेजारी शाळेच्या अंगणातली चिंचेची डहाळी आणि आय-ग्लास मांडले होते. जुनी पाटी लाल रेघेसकट तशीच ठेवली होती. चौथीची मुले भिंतीलगत ओळीने बसली होती आणि कोणीही हलत नव्हते.

परीक्षकांनी वही उघडून मंगलपुढे धरली. “बेन, आ तमारी ज नोट छे ने? इसमें तो आपकी टीचर ने भी संयुक्त लिखाया है।”

मी पुढे झाले. “त्या ओळीची शिक्षिका मी. ओळ चुकीची आहे.”

मुख्याध्यापक दचकले. मी वही घेतली, माझ्या पेनाने ‘संयुक्त’ हा शब्द खोडला, त्यावर ‘साधे’ लिहिले, खाली सही केली आणि तारीख घातली. अक्षर नीट आले. “आता पुरावा तुम्ही मंगलला विचारा,” असे म्हणून मी मुलांच्या ओळीत जाऊन बसले.

परीक्षकांनी दुरुस्त केलेली ओळ वाचली. मग मंगलकडे वळले. “बतावो.”

मंगलचा आवाज पहिल्या वाक्याला बारीक होता. “साहेब, आधी चिंच बघा. ही एक पाती, ही दुसरी. कुठल्याही पातीच्या बगलेत कळी दाखवा.”

“नथी,” ते म्हणाले. “नहीं होती है। पर्णिका में नहीं होती।”

“आता ही डहाळी. सरळ नाही, उलटी बघा. आय-ग्लास डोळ्याजवळ धरा, डहाळी डोळ्याजवळ न्या.”

त्यांनी भिंग लावले. एक पान पाहिले, दुसरे पाहिले. मग गुजरातीत हळूहळू मोजू लागले. “एक... बे... तण...” नऊपर्यंत मोजून थांबले. पण ते सहज मान्य करणारे नव्हते, आणि मला त्यांचा तो गुण आवडला.

“आ डाळी सूखने पर पूरी गिरती है। पत्ते की तरह। मैंने कॉलेज में देखा है। उसका क्या?”

हाच माझा गुरुवारचा युक्तिवाद होता.

मंगल म्हणाली, “गिरती है साहेब, बरोबर. पण गळण्यावरून पान ठरत नाही. पाहुणा पण घरातून जातो आणि घरातलं माणूस पण कामाला जातं. जाण्यावरून कोण घरचा ते कळत नाही.” एक मुलगी फिसकन हसली. मंगलने तिच्याकडे पाहिले नाही. “डहाळी कुठून निघते ते बघा. खोडाला भिडते तिथं. तिथं खवला आहे. खोडाचं पान ते. ही त्याच्या बगलेतून आली आहे. बगलेतून डहाळी येते, पान येत नाही.”

परीक्षकांनी कुंडी उचलून खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहिले. परत येऊन खिशातले लाल पेन काढले, पाटीवर स्वतः लिहिलेला ‘संयुक्त’ हा शब्द खोडला आणि वर ‘साधे’ हा मुलांचा शब्द पुन्हा लिहून बाजूला आद्याक्षरे घातली.

“बेन,” ते मंगलला म्हणाले, “वीस बरस से मैं आमली बोलके पढ़ाता हूँ। सोमवार को क्लास में बोलना पड़ेगा।” मग माझ्याकडे वळून मराठीत, जुळवून जुळवून, “तुम्ही एकट्या नाहीत.”

त्यांनी कुंडीतले एक रोप मागितले. मंगलने मुलांना विचारले. मुलांनी हो म्हटले, तेव्हाच दिले. मुख्याध्यापक म्हणाले, “पाटी नवीन करून लावा.” मंगल म्हणाली, “नको सर. हीच राहू द्या. दोन्ही खाडाखोडींसकट.” तिच्या नोकरीचे काय होईल ते मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही ठरलेले नाही. कुंडी मात्र पुढच्या फेरीस गेली. तिथे बक्षीस बाटलीतल्या ज्वालामुखीला मिळाले, असे तिने नंतर कळवले.

दुपारच्या गाडीने मी निघाले. मंगल फलाटावर आली होती. तिने वाकायच्या आत मीच तिचा हात धरला. “पुढच्या आठवीला मी तुझे नाव सांगून शिकवीन,” मी म्हणाले. ती म्हणाली, “नाव नका सांगू बाई. डहाळी पालथी करायला सांगा.”

तिचे म्हणणे योग्य आहे, म्हणून हे लिहिणे तसेच संपवते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींनी आपापल्या वहीतली ती ओळ माझ्या सांगण्यावरून बदलू नये. वाचकांनीही मी किंवा परीक्षकांनी म्हटले म्हणून काही मानू नये. भाद्रपद-आश्विनात भुईआवळा अंगणात, बांधावर, भिंतीच्या कडेला कुठेही असतो. एक ओले रोप घ्यावे, डहाळी पालथी करावी आणि प्रत्येक पानाच्या बगलेत काय आहे ते स्वतः पाहावे. जे दिसेल ते लिहावे. माझ्या लिहिण्याहून वेगळे दिसले, तर मला कळवावे.